घुमटाच्या तीन बाजू : खापर, तंदूर आणि चाकांवरची भट्टी

१/ लोखंडी चौकटीवर बसवलेला, खाली चाके असलेला, बाहेरून रंगीत टाइलच्या तुकड्यांनी मढवलेला आणि लाकडावर चालणारा पिझ्झा ओव्हन ही आजच्या शहरी हौसेची वस्तू वाटते. परंतु मातीचा घुमट, त्याला तापवणारी आग आणि ती आग सोबत नेण्याची सोय या तिन्ही गोष्टींचा इतिहास जुना आहे. तो समजून घेण्यासाठी नेपल्सच्या आधी नंदुरबार जिल्ह्यातील विसरवाडीला थांबावे लागते.

२/ विसरवाडी हे नवापूर तालुक्यातील, सुरत–धुळे महामार्गावरचे गाव. इथून एक रस्ता नंदुरबारकडे फुटतो, तर दुसरा कोंडाईबारी घाट चढून साक्री–धुळ्याकडे जातो. सुरत बंदर आणि खानदेश यांना जोडणारी ही वाट शतकानुशतके वाहती राहिली. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाताना नवापुरावरून गेला. तेथील बारीक, पांढराशुभ्र आणि कस्तुरीसारखा गंध असलेला तांदूळ त्याच्या लक्षात राहिला. इराणमधील कुणाला भेट द्यायची तर या तांदळाचे पोते उत्तम, असेही त्याने लिहून ठेवले. तांदळाला भांडे लागते, भट्टी लागत नाही. आपली गोष्ट इथूनच सुरू होते.

३/ बंद भट्टीचे तंत्र या उपखंडाला अपरिचित होते, असे मात्र नाही. राजस्थानातील कालीबंगन येथे हडप्पापूर्व वस्तीच्या घरांत तंदुरासारख्या भट्ट्या सापडल्या. १९६०च्या दशकात तेथे बी. बी. लाल यांच्यासह उत्खनन करणारे बी. के. थापर यांनीच त्याआधी, १९५५च्या सुमारास, तापीकाठच्या प्रकाशे येथील ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आणली होती. प्रकाशे आज नंदुरबार जिल्ह्यातच आहे. तंत्र हजारो वर्षे माहीत असूनही खानदेशाच्या घराघरांत चूल टिकली आणि पावाची भट्टी रुजली नाही. असे का झाले?

४/ पहिले उत्तर धान्यात आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले की ग्लुटेनचे लवचीक जाळे तयार होते. आंबवताना निर्माण होणारा वायू त्या जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगते. अशा जाड गोळ्याला वर, खाली आणि बाजूंनी एकाच वेळी उष्णता हवी असते. म्हणून त्याला घुमट लागतो. ज्वारी, बाजरी, नागली आणि मका यांच्या पिठात असे जाळे तयार होत नाही. त्यांची भाकरी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि निखाऱ्यांपुढे उभी करून वाफेवर फुगवायची. डोंगरउताराच्या शेतीत पिकणाऱ्या धान्याने स्वतःला साजेशी चूल निवडली. चूल ही मागासलेली भट्टी नव्हे. ती वेगळ्या धान्यासाठी घडलेले वेगळे यंत्र आहे.

५/ तरीही खानदेशाने गव्हासाठी स्वतःचा घुमट घडवलाच. तो म्हणजे खापर. मातीचे हे पसरट, गोलाकार भांडे चुलीवर पालथे ठेवतात. पुरण भरलेली कणीक हातांवर फिरवत मोठी आणि पातळ करतात आणि तो मांडा अलगद खापराच्या पाठीवर टाकतात. इथे आग घुमटाच्या पोटात आणि अन्न पाठीवर असते. तंदुरात अन्न घुमटाच्या आतल्या भिंतीला चिकटते. पिझ्झाच्या भट्टीत ते घुमटाखालच्या फरशीवर पसरते. मातीचा तोच आकार, पण वापरण्याच्या तीन बाजू. त्यांपैकी खापर सर्वांत हलके. आठवड्याच्या बाजारातून ते हातात धरून घरी आणता येते.

६/ हलके असले तरी ते सर्वांना मिळत असे, असे मात्र नाही. मुक्ताबाईला मांडे करायचे होते, परंतु विसोबा चाटीने कुंभारांना बजावले की संन्याशाच्या या मुलांना खापर देऊ नये. मग ज्ञानेश्वरांनी योगाग्नीने स्वतःची पाठ तापवली आणि मुक्ताबाईने त्या पाठीवर मांडे भाजले, अशी परंपरेची कथा आहे. चमत्कार बाजूला ठेवला तरी तिच्यातला सामाजिक तपशील उरतोच. वाळीत टाकायचे असेल तर पाणी आणि वाट यांच्याबरोबर भाजण्याचे साधनही तोडले जाई. मुक्ताबाईच्या अखेरच्या वास्तव्याची स्मृती खानदेशाने तापीकाठी, मुक्ताईनगरच्या परिसरात जपली आहे, ही बाब इथे लक्षणीय ठरते.

७/ पश्चिम किनाऱ्यावर भाजण्याच्या साधनाने आणखी एक सीमारेषा आखली. गोव्यात पोर्तुगीज आले आणि त्यांच्यासोबत गव्हाचा फुगलेला पाव आला. यीस्ट नव्हते म्हणून माडाच्या सुरेने पीठ आंबवले गेले. ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीज, आणि कोकणीतला ‘पोदेर’ म्हणजे पाववालाही तिथलाच. वसई १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांकडे होती. या पट्ट्यात पाव हा केवळ खाद्यपदार्थ राहिला नाही. विहिरीत पाव टाकला म्हणून तिचे पाणी पिणारे बाटले, अशा कथा पुढे कित्येक पिढ्या सांगितल्या गेल्या. ज्या समाजात खापर नाकारून माणसाला बाहेर काढता येत होते, त्याच समाजात पावाच्या एका तुकड्याने माणूस बाहेर गेला असे मानले जाई.

८/ विसरवाडीच्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला, सुरतेत, डच व्यापाऱ्यांच्या वखारीने भट्टी आणली. १८२४च्या इंग्रज–डच तहानंतर डचांचा तेथील मुक्काम संपला. त्यांच्या भट्ट्या त्यांच्याकडे काम करणाऱ्या पारशी कामगाराकडे आल्या आणि त्यातून दोटीवाला बेकरीची परंपरा उभी राहिली, असे सांगितले जाते. नानकटाई आणि खारी बिस्किटे अशा बेकऱ्यांमधून घराघरांत पोहोचली. मात्र ती भट्टी विटांची, भिंतींत रुतलेली होती. तिला जागा, मालक, रोजचा गहू आणि रोजचे गिऱ्हाईक लागे. बिस्किटे घाट चढून आली, भट्टी मागेच राहिली.

९/ घाटरस्त्यांवर भट्टी आली ती वेगळ्या मार्गाने. १९४७च्या फाळणीनंतर विस्थापित पंजाबी कुटुंबांनी तंदूर दिल्लीत आणि तेथून देशभर पसरवला. पंजाबच्या खेड्यांत ‘साँझा चुल्हा’ ही अनेक घरांची सामाईक भट्टी होती. महामार्गांवर तिने नवे रूप घेतले. लोखंडी पिंप, त्यात मातीचा तंदूर आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत उष्णता धरून ठेवणारे भराव. चार माणसांनी उचलावे आणि ढाबा जिथे हलेल तिथे न्यावे. मोठ्या हॉटेलांत याच पिंपाला चौकोनी पेटी करून बाहेरून टाइल लावतात. हलवता येणारी, टाइल लावलेली, लाकूड–कोळशावरची भट्टी ती हीच. चाकांवरचा पिझ्झा ओव्हन तिचा चुलत भाऊ ठरतो.

१०/ या भावाची रचना पाहू. घुमटात उष्णता तीन मार्गांनी काम करते. तापलेल्या फरशीचा थेट स्पर्श, ज्वाळेसोबत छताखालून फिरणारी गरम हवा आणि तापलेल्या छतातून खाली येणारे प्रारण. नेपल्सच्या पद्धतीत भट्टी ४०० अंश सेल्सियसच्या वर नेतात आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत काढतात. ही कला २०१७मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आली. कारागिरांचा एक ठोकताळा असा : तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या सुमारे ६३ टक्के ठेवावी. ४० सेंटिमीटर उंच घुमटाला सुमारे २५ सेंटिमीटरचे तोंड. ते अधिक उंच केले तर उष्णता निसटते. फार बुटके ठेवले तर धूर कोंडतो आणि आग गुदमरते.

११/ खरा पेच वजनाचा आहे. आतून ८० सेंटिमीटर व्यासाचा अर्धगोल घुमट ११ सेंटिमीटर जाडीच्या भट्टीच्या विटांनी बांधला, तर केवळ त्याचेच वजन २८० ते ३०० किलोच्या घरात जाते. जाडी ५ सेंटिमीटरवर आणली तर ते सव्वाशे किलोच्या आत येते. पण पातळ भिंत लवकर तापते तशी लवकर निवतेही. म्हणून तिच्यावर सिरॅमिक फायबरची चादर आणि व्हर्मिक्युलाइट मिसळलेला हलका गिलावा चढवतात. जड भट्टी उष्णता साठवते, हलकी भट्टी उष्णतेला वाट अडवून धरते. रात्रभर पाव भाजणाऱ्या बेकरीला पहिली सोयीची, बाजाराच्या दिवशी चार तास उभ्या राहणाऱ्या गाडीला दुसरी.

१२/ टाइलचे काम इथे येते. पावसाचे पाणी गिलाव्यात मुरले आणि वर भट्टी पेटवली, तर त्याची वाफ होऊन तडे जातात. म्हणूनच नव्या भट्टीत आधी कित्येक दिवस लहान लहान जाळ करून ओल काढतात आणि मगच टाइल बसवतात. वाफेला बाहेर पडायला एक छिद्रही ठेवतात. गोल पाठीवर सपाट टाइल बसत नाही, तेव्हा ती फोडून तुकडे जोडावे लागतात. हे तंत्र गुजरात आणि मुंबईच्या गच्च्यांवर ‘चायना मोझेक’ म्हणून परिचित आहे. पांढऱ्या तुकड्यांचा थर पाणीही अडवतो आणि ऊनही परतवतो. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादमधील आपल्या ‘संगत’ या वास्तूच्या कमानी छतांवर तेच तुकडे वापरले. गच्चीवर ऊन बाहेर ठेवायचे, भट्टीवर पाऊस बाहेर ठेवायचा. कारागिरी एकच.

१३/ उरतो प्रश्न लाकडाचा, आणि तोच सर्वांत कठीण. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड–कोळशावरच्या बेकऱ्यांना आणि भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा निर्देश दिला. मुंबईच्या हवेचा विचार करता तो समजण्याजोगा आहे. मात्र नवापूर परिसरात लाकडाचा इतिहास वेगळा आहे. १८७८च्या वन कायद्याने जंगलांवरील सरकारी नियंत्रण घट्ट केले आणि भिल्ल, मावची, कोकणा अशा समाजांची जळणाची रोजची वाट गुन्ह्याच्या कक्षेत येऊ लागली. वननिवासींच्या पारंपरिक हक्कांना कायद्याने मान्यता मिळण्यासाठी २००६ साल उजाडावे लागले. शहरात लाकडाची आग ही चव म्हणून विकली जाते. जंगलालगतच्या गावात तिची मोळी डोक्यावरून येते, आणि ती बहुधा बाईच्या डोक्यावर असते.

१४/ भट्टीचा इतिहास सहसा स्थापत्याचा इतिहास म्हणून लिहिला जातो : किती विटा, किती उंची, कुणाचा शोध. परंतु खापर नाकारणारा विसोबा, विहिरीतला पाव, वखारीतून पारशी हातांत गेलेली भट्टी, फाळणीनंतर पिंपात बसलेला तंदूर आणि जंगलातली मोळी यांना एका ओळीत ठेवले की दुसराच इतिहास दिसतो. साधन कुणाच्या हाती, धान्य कुणाच्या शेतात आणि जळण कुणाच्या हक्काचे, या तीन प्रश्नांनी भाकरीचा आकार ठरवला आहे. चाके लागल्याने पहिला प्रश्न थोडा सैल होतो, कारण जागेचा मालक नसलेल्यालाही भट्टी बाळगता येते. दुसरा आणि तिसरा प्रश्न चाकांवर सुटत नाहीत. त्यांसाठी शेताकडे आणि जंगलाकडेच जावे लागते.