धाराशिवला रो-हाऊस घ्यायचंय? किचन ओट्याआधी सातबारा बघा

पोरं दहावीला गेली की गावाकडच्या घरात एक विषय निघतोच. धाराशिवला नाहीतर तालुक्याच्या गावी घर बघायचं का? धाराशिवला २०२२ पासून शासकीय मेडिकल कॉलेज आहे, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचं काम मार्गी लागलंय, म्हणून "आता घ्या, पुढं भाव परवडायचा नाही" असं सांगणारे एजंटही भेटतात. फ्लॅटपेक्षा रो-हाऊस गावच्या माणसाला जास्त पटतं. दारात गाडी लागते, गच्ची स्वतःची, उद्या वर एक मजला काढता येईल ही आशा.

पण रो-हाऊसची खरी किंमत त्याच्या खालच्या जमिनीत असते. आणि आपल्या जिल्ह्यात गोम तिथंच आहे.

१९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. त्या काळात दिलेल्या इनाम जमिनी पुढे १९५४ च्या हैदराबाद इनाम रद्द करण्याच्या कायद्याखाली आल्या. त्यातल्या बऱ्याच जमिनी आज भोगवटादार वर्ग-२ म्हणून नोंदलेल्या आहेत. अशी जमीन सरकारची परवानगी घेतल्याशिवाय आणि नजराणा भरल्याशिवाय विकता येत नाही. देवस्थान इनामाची जमीन तर परस्पर विकताच येत नाही, त्यामुळे तुळजापूरसारख्या ठिकाणी जास्तच जपून. घर नवं कोरं, रंग ताजा, पण खालची जमीन वर्ग-२ निघाली तर बँक कर्ज देताना अडते आणि पुढं विकतानाही तोच घोळ.

हे तपासायला कचेरीत खेटे मारायची गरज नाही. महाभूलेखवर गट नंबर टाकून सातबारा काढायचा. त्यात भूधारणा पद्धतीसमोर वर्ग-१ आहे की वर्ग-२ ते लिहिलेलं असतं. मग 'इतर अधिकार' रकान्यात कुळाचं नाव, बँकेचा बोजा, कोर्टाचा दावा आहे का ते वाचायचं. सध्याचा सातबारा स्वच्छ दिसला म्हणून थांबू नये, जुने फेरफारही काढावेत, कारण जमीन मूळची इनामी होती का ते तिथंच कळतं. शहराच्या हद्दीत सिटी सर्व्हे झालेला असेल तर सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक बघावं लागतं. मागच्या ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा. वकील आपला असावा, बिल्डरने सुचवलेला नको.

दुसरी गोष्ट एनएची. शेतात मुरूम टाकून, चुन्याने रेषा मारून पाडलेला प्लॉट आणि मंजूर लेआउटमधला प्लॉट यात फार फरक आहे. मंजूर नकाशा मागायचा आणि त्यात आपल्या घराचा नंबर, रस्त्याची रुंदी, ओपन स्पेस कुठे ते बघायचं. "पाचशेच्या बाँडवर लिहून देतो, नोटरी करून देतो" असं कुणी म्हणालं तर सरळ उठून यावं. नोंदणीकृत खरेदीखताशिवाय घर नावावर होत नाही.

महारेराचा नंबर विचाराच, पण एक पळवाट लक्षात ठेवा. प्रकल्पाची जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं ८ पर्यंतच असतील तर महारेरात नोंदणी सक्तीची नाही. छोट्या गावात पाच-सहा रो-हाऊसची एखादी ओळ असते, ती यात बसून जाते. मोठा, नोंदणी झालेला प्रकल्प असेल तर करारनामा नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला घेता येत नाहीत आणि बांधकामातला दोष ताबा दिल्यापासून ५ वर्षांत निघाला तर दुरुस्ती त्यानेच करून द्यायची असते. इसार मात्र कुठेही चेकने किंवा बँकेतूनच द्यावा. २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही.

आता हप्ता. २० लाखांचं कर्ज, ८.५ टक्के व्याज, २० वर्षं मुदत धरली तर महिन्याला सुमारे १७,३५० रुपये बसतात. वर्षाला २ लाख ८ हजार, आणि शेवटी बँकेला जातात साधारण साडेएकेचाळीस लाख. नोकरदाराचा पगार महिन्याला येतो. सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो, तुरीचा त्यानंतर, उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा. हप्ता मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेलाच. त्यामुळे घरात एकही पगार नसेल तर किमान वर्षभराचे हप्ते बाजूला काढल्याशिवाय कर्जात पडू नये. पोराच्या दोन-तीन वर्षांच्या शिक्षणापुरतंच शहरात राहायचं असेल तर भाड्याची खोली यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते, आणि लातूरला ॲडमिशन मिळालं तर धाराशिवचं घर बंदच राहणार. घरासाठी सगळी शेती विकायचा विचार तर करूच नये.

पंतप्रधान आवास शहरी २.० मधून व्याजात सूट मिळेल असंही एजंट सांगतात. पण नवरा, बायको किंवा लग्न न झालेल्या मुलांच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर असेल तर ती सूट मिळत नाही. गावातलं स्लॅबचं घर त्यात धरलं जातं.

बांधकाम बघायला ओळखीचा मिस्त्री किंवा इंजिनिअर न्यावा. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप उमरगा-लोहाऱ्याची माणसं विसरलेली नाहीत. कॉलम-बीमचा सांगाडा आहे की नुसत्या भिंतींवर स्लॅब टाकलाय, शेजाऱ्याची भिंत सामाईक आहे का, वर मजला चढवायची परवानगी नकाशात आहे का, हे तिथंच विचारावं. पाणी बघायला एप्रिल-मे महिन्यात जावं आणि नळ किती दिवसांनी येतो ते बिल्डरला नाही, शेजारणीला विचारावं. धाराशिव शहराला उजनीवरून पाणी येतं, पण कडेच्या वस्तीपर्यंत पाइपलाइन पोचली आहे का हा वेगळा प्रश्न.

खरेदी घरातल्या बाईच्या एकटीच्या नावावर केली तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, म्हणजे २५ लाखांच्या घरावर २५ हजार वाचतात. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३० हजार. खरेदीखत झालं की फेरफार, नगरपालिकेची घरपट्टी आणि विजेचं मीटर ही तिन्ही नावं त्याच महिन्यात बदलायला टाकावीत. जुन्या मालकाच्या नावावर राहिलेली घरपट्टीची थकबाकी नंतर नव्या मालकाच्याच दारात येते.