काळ्या कोंबड्याची तिसरी पिढी

मंडळी, आमच्या टिटवाळ्यात मंगळवारी कोंबडीचा विषय काढायचा नसतो, म्हणून आज बुधवारी लिहायला बसलोय.

२०१८ च्या पावसाळ्यात माझा भाचा खोक्यातून कडकनाथची सहा पिल्लं घेऊन आला. "मामा, रिटायर माणसाला उद्योग!" त्या दिवसांत कडकनाथचा फार बोलबाला होता. मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ मांसाला त्याच जुलैत भौगोलिक मानांकन मिळालं होतं. अर्ज २०१२ चा. मधल्या काळात छत्तीसगडच्या दंतेवाड्यानेही हक्क सांगितला, म्हणजे कोंबडीवरून दोन राज्यांची झुंज! रंग काळा, कातडी काळी, मांस काळपट, हाडंसुद्धा काळसर. भिल्ल आणि भिलाला लोक तिला 'कालीमासी' म्हणतात. (अंडं मात्र काळं नसतं, फिकट बदामी असतं. मोबाईलवर फिरणारे काळ्या अंड्यांचे फोटो खोटे.)

आमचं घर बैठं, मागे काळू नदीकडे थोडी मोकळी जागा. सहापैकी पाच पिल्लं मुंगसाने आणि कुत्र्यांनी नेली. उरला एक कोंबडा. देखणा, गर्विष्ठ, शाळेतल्या जुन्या पीटी मास्तरसारखा. त्याच्या जोडीला आमच्या दोन गावरान कोंबड्या, पिवळ्या पायांच्या. त्यातली एक खुडूक झाली तेव्हा तिच्याखाली अंडी ठेवली आणि नऊ पिल्लं निघाली.

पिल्लं मोठी झाली आणि एक गंमत दिसली. तलंगा साऱ्या बापासारख्या, काळी कातडी, काळे पाय. कोंबडे मात्र फिक्या कातडीचे! शेजारच्या काकूंना वाटलं, कोणीतरी पिल्लं बदलली. मी मराठीचा बीए, मला काय कळणार? भाचा बी.एस्सी., त्याने शोधून सांगितलं. बेटसन आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९११ साली हेच लिहून ठेवलं होतं. त्यांनी चीनकडच्या 'सिल्की' या काळ्या कातडीच्या जातीचा कोंबडा साध्या कोंबडीशी लावला होता. काळेपणा दाबणारा एक गुण साध्या कोंबडीत असतो आणि तो आईकडून फक्त मुलग्यांकडे जातो, मुलींकडे नाही. सिल्की, इंडोनेशियाची 'अयाम चेमानी' आणि आपला कडकनाथ, या सगळ्यांच्या काळेपणामागे गुणसूत्रातला एकच जुना फेरफार आहे, असं अलीकडच्या संशोधनात दिसलं आहे. इतक्या दूरदूरच्या पाखरांचं नातं निघावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पण पुढचं ऐका. तो काळा कोंबडा एका उन्हाळ्यात मेला. त्याच्या काळ्या लेकी आळीतल्या कोंबड्यांबरोबर फिरल्या. तिसऱ्या पिढीत दोन-तीन पिल्लांचे पाय तेवढे काळपट उरले, नंतर तेही गेले. मी कडकनाथ आणला, पाळला, खाऊ घातलं, आणि तीन वर्षांत तो संपवलासुद्धा! कोणाची काही चूक नाही. कोंबड्या कोंबड्यांसारख्या वागल्या.

तेव्हा मला झाबुआचं महत्त्व कळलं. तिथे ही कोंबडी टिकली ती घराघरांत तीच पाळली जात होती म्हणून. सगळ्या आळीत काळाच कोंबडा असेल तर खुराड्याला कुलूप लागत नाही. बाहेरच्या जाती शिरल्या आणि शुद्ध पाखरू कमी होऊ लागलं, तेव्हा तिथल्या कृषी विज्ञान केंद्राने वेगळा कळप राखून पिल्लं आदिवासी कुटुंबांना द्यायला सुरुवात केली. हे काम रोजचं आणि कंटाळवाणं, त्याची बातमी होत नाही. बातमी होते ती धोनीने दोन हजार पिल्लं मागवली त्याची. तीसुद्धा लगेच मिळाली नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये झाबुआ जिल्ह्यातल्या एका फार्मवर बर्ड फ्लू आला. धोनीची पिल्लं रांचीला पोचली ती २०२२ मध्ये.

आपल्या महाराष्ट्रात कडकनाथ आला तो निराळ्याच वाटेने. पिल्लं घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, अशी योजना सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरकडून पसरली आणि २०१९ मध्ये कोसळली. हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. त्या सप्टेंबरात मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यापुढे कडकनाथ कोंबड्या फेकून निषेध झाला. खाद्य परवडेना म्हणून किती पक्षी मिळेल त्या भावाला गेले असतील! मुळात ब्रॉयलर सहा आठवड्यांत तयार होतो, कडकनाथला पाच-सहा महिने लागतात. अंडी वर्षाला शंभरच्या आतबाहेर. असलं पाखरू अंगणात परवडतं, हप्त्यावर नाही.

आणि या सगळ्या धामधुमीत आपल्या घरचीच एक जात कोणाला आठवली नाही. बुसरा. नंदुरबार-धुळ्याचा आदिवासी भाग आणि पलीकडचा गुजरात, हे तिचं घर. देशाच्या नोंदणीकृत कोंबड्यांच्या यादीत महाराष्ट्राचं नाव तिच्यामुळे आहे. अंगाने लहान, अंडी थोडी आणि तीही छोटी. काळी नाही, औषधी म्हणून कोणी मिरवत नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो नेमका नवापूरला, म्हणजे बुसराच्याच मुलखात. शेडमधल्या लाखो कोंबड्यांबरोबर आसपासच्या अंगणातल्याही मारल्या गेल्या. शेडवाल्याने पुढे हॅचरीतून नवी पिल्लं आणली. अंगणातली आजीच्या हातची वीण कुठल्या हॅचरीत मिळणार?

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला होता. नोकरीनिमित्त तो नवापूरकडे असतो. मी बुसराविषयी खोदून खोदून विचारलं, तर म्हणाला, "सर, चार पिल्लं घेऊन येतो ना तुम्हाला पुढच्या खेपेला!"

क्षणभर मोह झाला, खोटं कशाला सांगू. मागे अंगणात आमच्या कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. मी म्हटलं, "नको रे. आणू नकोस. तिथेच एखाद्या घरी जा, भाव न करता अंडी विकत घे आणि खाऊन ये. पुढच्या महिन्यात परत जा."