तेच तुणतुणे

आंबेडकरी जलशांवर बोलताना आपण शाहिरांची नावे घेतो. ती घेतलीच पाहिजेत. पण शाहिराच्या मागे, काखेत एक लाकडी मापटे धरून रात्रभर उभा राहणारा जो माणूस असे, त्याचे नाव विचारा. सभेत शांतता पसरते. माझे वडील या मागे उभे राहणाऱ्यांपैकी एक होते. नाशिक जिल्ह्यातल्या एका जलशात त्यांनी ऐन तारुण्यात तुणतुणे धरले आणि पुढे वीस-बावीस वर्षे धरले. मी स्वतः मुंबईत चाळीस वर्षे बेंजो वाजवला. म्हणजे तारेशी आमच्या घराचे नाते दोन पिढ्यांचे. हे नाते कौतुकाचे म्हणून मी सांगत नाही. माणूस आणि वाद्य यांच्यामध्ये जातिव्यवस्था कशी उभी असते आणि तिला बाजूला सारायला काय करावे लागते, हे त्या नात्यातून मला कळले, म्हणून सांगतो.

तुणतुणे म्हणजे आतून पोकळ केलेले, धान्याच्या मापासारखे लाकडी नळकांडे. तळाचे तोंड कातड्याने मढवलेले, वरचे उघडे. बाहेरच्या अंगाला एक काठी ठोकलेली आणि काठीच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मध्यातून निघालेली तार पोकळीतून वर येऊन खुंटीला गुंडाळलेली. लाकडाच्या चिमुकल्या तुकड्याने ती छेडायची. खुंटी पिळली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. पण गाणे सुरू असताना सूर एकच. त्या एका सुरात दोन कामे होतात. गाणाऱ्याला सूर मिळतो आणि डफाला ठेक्याची जोड मिळते. आबा म्हणत, "शाहीर चढला का त्याला भुई दिसत न्हाई. त्याला भुई दाखवायची, ती तुणतुण्यानं."

आता गावातल्या आवाजांची वाटणी पाहा. आमच्या गावात देवळातले वाजप गुरवाचे, हलगी मांगवाड्याची, दवंडी आमच्या घरची. आजोबा वेसकर होते. पाटलाने सांगितले की डफावर थाप मारीत गावभर ओरडत फिरायचे. उन्हात असो, तापात असो, घरात मयत असो. या वाजवण्याला कला म्हणायचे की वेठ? हलगीवाल्याच्या हातात जे कसब असते ते भल्याभल्या तबलजींना तोंडात बोट घालायला लावील. पण लग्नात त्याच हलगीवाल्याची जागा मांडवाबाहेर, आणि त्याचे जेवण सगळ्यांचे उरकल्यावर. वीणा देवीच्या हाती दिली, दिंडीतल्या विणेकऱ्याला मान दिला. आणि मेलेल्या जनावराचे कातडे ज्याने कमावले, मढवले, वाजवले, त्याला विटाळ ठरवले. तारेला सोवळे आणि कातड्याला ओवळे! तुणतुण्यात मात्र तार कातड्यातूनच निघते. कातडे ताणले नाही तर तारेला सूर नाही, ही गोष्ट आमच्या या गरीब वाद्याने उघडी करून ठेवली आहे.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे निर्मूलन' या न झालेल्या भाषणात दाखवून दिले की जात ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे आणि तिच्यात माणसाच्या आवडीला व निवडीला स्थान नाही. वाद्यांच्या बाबतीत हे शब्दशः खरे आहे. कोणी काय वाजवायचे हे पाळण्यात ठरे.

तुणतुणेही या व्यवस्थेबाहेरचे नव्हते. गोंधळ्याच्या हाती संबळाच्या जोडीने ते देवीच्या गोंधळात होते. तिथून म्हणा किंवा त्याच्या सोबतीने म्हणा, ते पोवाड्यात डफाशेजारी उभे राहिले, तमाशाच्या फडात ढोलकीमागे गेले. म. फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पोवाडा लिहिला आणि १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे सत्यशोधक जलसे निघाले आणि तमाशाचा साज प्रबोधनाच्या कामाला जुंपला गेला. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, काळाराम मंदिराचा १९३० चा. त्याच सुमारास आमच्या नाशिक जिल्ह्यातून भीमराव कर्डकांसारखे शाहीर उभे राहिले आणि आंबेडकरी जलसा गावोगाव, मुंबईच्या चाळीचाळींतून फिरू लागला. गणातला गणपती आणि गवळणीतला कृष्ण मागे सरले. पाणवठा, शाळा, मेलेली ढोरे ओढण्यास नकार, सावकाराचे कर्ज हे विषय पुढे आले. साज मात्र तोच राहिला. निरक्षर समाजाचे वर्तमानपत्र होते ते, आणि ते ज्या सुरावर छापले जात होते तो सूर तुणतुण्याचा होता.

आबांना तुणतुणे कोणी दिले नाही. रेल्वेच्या खडीवर मजुरी करून त्यांनी ते विकत घेतले. घरात भाकरीची ओढाताण असताना वाद्य विकत आणले, म्हणून आजी आठ दिवस बोलली नाही. आजोबा एवढेच म्हणाले, "डफ व्हता की घरात." आबांनी उत्तर दिले नाही. पण त्या डफाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. आजोबांमागून दवंडीही बंद झाली.

जलशाचे जिणे आज रम्य वाटते. ते तसे नव्हते. दिवसा मजुरी, संध्याकाळी पाच-सहा कोस चाल, गॅसबत्तीच्या उजेडात पहाटेपर्यंत उभे राहणे आणि परतताना गावकुसाजवळून अंधारात गुपचूप निघणे, कारण कार्यक्रम चालू असताना पडले नाहीत ते दगड वाटेवर पडत. आबा जादा तार मनगटाला गुंडाळून ठेवीत. ऐन रंगात तार तुटली तर शाहीर चार ओळी डफावर निभावून नेई आणि तेवढ्यात आबा अंधारात चाचपत नवी तार ओढीत. त्यांच्या तर्जनीवर तारेने पडलेला घट्टा मरेपर्यंत होता. लहानपणी मी तो घट्टा दाबून पाही. खडीने पडलेले घट्टे तळहातावर होते, हा एकटाच निराळा होता.

१४ ऑक्टोबर १९५६ ला आबा नागपुरास दीक्षाभूमीवर होते. परत आल्यावर वाड्यातल्या लोकांनी घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. गावकीची कामे बंद झाली. मरीआईच्या जत्रेत वाजवायचे नाही, असे ठरले. ते योग्यच ठरले. त्या बैठकीत माझे चुलते आबांना म्हणाले, "दादा, मग ते तुणतुणंबी टाका नदीत. तमाशातलंच हाय ते." आबा म्हणाले, "डफ मला गावानं दिला व्हता, तो मी टाकला. हे मला कुणी दिल्यालं न्हाई. हे मी घेतलंय."

हे वाक्य समजायला मला पुढची पुष्कळ वर्षे लागली. परंपरागत वाद्यांविषयी आपल्या चळवळीत दोन टोके आहेत. एक म्हणते, ही गुलामगिरीची खूण आहे, फेकून द्या. दुसरे म्हणते, हा आपला सांस्कृतिक वारसा आहे, जपा. आबांच्या वाक्यात तिसरी कसोटी आहे. वाद्याला जात नसते. ते वाजवायला लावणाऱ्या नात्याला जात असते. म्हणून एकच प्रश्न विचारावा: हे वाद्य मला खाली ठेवता येते का? दवंडीचा डफ आजोबांना खाली ठेवता येत नव्हता. तुणतुणे आबांना केव्हाही ठेवता आले असते, म्हणूनच त्यांनी ते ठेवले नाही.

ही कसोटी दुसऱ्यांना लावून थांबलो तर आपण अप्रामाणिक ठरू. डक्कलवार हा भटका समाज मांगांकडेच मागतो. त्यांच्या हातात किंगरी असते, गजाने वाजवायचे तंतुवाद्य. ती वाजवीत ते जातीचे पुराण आणि वंशावळ सांगतात. पोटापाण्यासाठी मराठवाड्यात एक-दोन वर्षे काढली तेव्हा मी हे पाहिले. किंगरीच्या सुरात असा दर्द होता की मी कामाला जायचे विसरलो. पण तो वादक वस्तीच्या बाहेर बसला होता आणि त्याला वाढलेले दुरून वाढले जात होते. ज्यांना गावाने दूर ठेवले, तेच एकाला दूर ठेवीत होते! मीही तिथे उभा होतो आणि पुढे होऊन त्याच्या शेजारी बसलो नाही. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात, ती मी ग्रंथात वाचण्याआधी त्या दिवशी स्वतःच्या पायांत अनुभवली. त्या माणसाला किंगरी खाली ठेवता येत होती का? आपण तशी सोय केली का?

माझ्या पिढीकडे बेंजो आला. धर्मांतरानंतर जलसे ओसरले आणि गायन पार्ट्या उभ्या राहिल्या: पेटी, ढोलक, बेंजो. वामनदादा कर्डकांच्या (१९२२–२००४) गीतांनी आमच्या रात्री भारल्या होत्या. ज्याला आपण बेंजो किंवा बुलबुलतरंग म्हणतो, त्याचा मूळपुरुष जपानचा. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो या कारागिराने ते वाद्य घडवले. टाइपरायटरसारखी बटणे डाव्या हाताने दाबायची आणि उजव्या हातातल्या पट्टीने तारा छेडायच्या. सातासमुद्रापलीकडून आलेल्या या वाद्याला आपल्याकडे जात मिळाली नव्हती. कोणत्याही पुराणात त्याचा उल्लेख नाही, कोणत्याही देवतेच्या हातात ते नाही, कोणाच्या बलुत्यात ते नाही. ते स्वस्त होते आणि शिकायला गुरूच्या उंबऱ्यावर बसावे लागत नव्हते. गिरणीतल्या पाळीवरून यायचे आणि चाळीच्या गॅलरीत बसून बोटांनी चाली शोधायच्या. आमच्या वस्त्यांत बेंजो का रुजला याचे उत्तर मला यातच दिसते.

एकदा वाटले, शास्त्र शिकावे. एका संगीतवर्गात गेलो. तिथले गुरुजी बेंजो पाहून म्हणाले, "हे वाद्य नव्हे, खेळणे आहे. यावर मींड येत नाही." सांगीतिक दृष्ट्या ते खोटे नव्हते. बटण दाबले की सूर ठरलेला. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायला वाव फार थोडा. पण मग त्यांनी आडनाव विचारले, गाव विचारले, आणि जागा भरल्याचे सांगितले. मींडेचा आणि आडनावाचा काय संबंध, हे विचारायचे मला सुचले नाही. आज सुचते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि माझी नोकरी गेली. हौसेचा बेंजो पोटाचा झाला. लग्नाच्या वराती, गणपतीच्या मिरवणुका, जो बोलावील त्याच्यामागे गेलो. ज्या गणपतीला आबांच्या जलशाने गणातून बाजूला सारले, त्याच्यापुढे मी रात्र रात्र वाजवत होतो. बोलावणारे सुपारी देत, पाठीवर थापही मारीत, आणि पाणी वेगळ्या भांड्यातून देणारेही त्यांत होते. आबांची कसोटी मी तेव्हा स्वतःला लावली. मला बेंजो खाली ठेवता येत होता का? नव्हता. जातीने लादलेले ओझे उतरले तरी भूक तेच ओझे दुसऱ्या हाताने चढवते. निवड करायची तर मागे भाकर लागते. कलेच्या स्वातंत्र्याची भाषा करणाऱ्यांनी हे विसरू नये.

पुण्याला सिंबायोसिसच्या संग्रहालयात बाबासाहेबांच्या वस्तू आहेत. त्यांत एक व्हायोलिन आहे. उतारवयात बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते. काचेपुढे मी बराच वेळ उभा राहिलो. प्रकृती खालावलेली, लेखन अपुरे, समाजाचा भार खांद्यावर. आणि हा माणूस नवशिक्या पोरासारखा गज तारेवर धरतो. त्यात काही उपयोग नव्हता, प्रचार नव्हता, कोणाचा हुकूम नव्हता. आपल्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या जे कोणाला मिळाले नाही ते इथे होते: ज्याला काही कारण द्यावे लागत नाही असे वाजवणे. आबांनी तुणतुणे चळवळीसाठी घेतले, मी बेंजो पोटासाठी ठेवला. बाबासाहेबांनी व्हायोलिन स्वतःसाठी घेतले. समतेच्या लढ्याचे एक टोक मला तिथे दिसले.

आज आबांचे तुणतुणे माझ्या घरी आहे. कातडे फाटले आहे, खुंटी शाबूत आहे. नात गिटार शिकते. तिला ते हौसेने वाजवता येते आणि कंटाळा आला की भिंतीला टेकवून खेळायला जाता येते. मी तिला अडवत नाही.

जलशांतील काही नावे टिकली, ती भीमराव कर्डकांसारख्यांनी लिहून ठेवले म्हणून. बाकीची म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहेत आणि ती माणसे दर पावसाळ्यागणिक कमी होत आहेत. शिक्षक आणि विद्यार्थी हे पान वाचत असतील तर त्यांना माझे मागणे आहे. आपल्या गावी जा आणि विचारा: जलशात तुणतुणे कोण धरीत होते? झील कोण ओढीत होते? किंगरीवाला कुठे बसत असे आणि का? नावे लिहून घ्या.

जातीचा विषय निघाला की प्रतिष्ठित मंडळी म्हणतात, "तुमचे तेच तुणतुणे!" होय, तेच आहे. गाणारा सूर सोडील तोवर ते एकाच सुरात वाजत राहणार. तुणतुण्याचे काम तेवढेच असते.