हौसेचे मोल कोणी दिले?

'हौसेला मोल नसते' असे आपल्याकडे म्हणतात. पंचेचाळिशी उलटल्यावर मी छोटे विमान चालवायला शिकू लागलो, तेव्हा सौ.ने ही म्हण दुरुस्त करून मला ऐकवली : मोल असते आणि ते दर शनिवारी चेकने द्यावे लागते! तिचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु या छंदाचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की या हौसेचे मोठे मोल सरकारांनी मोजलेले आहे. आणि तेही हौसेखातर नव्हे.

सुरुवात इंग्लंडपासून करू. १९२५ साली डी हॅविलंड कंपनीचे 'मॉथ' हे दोन आसनांचे विमान आले. त्याचे पंख मागे दुमडता येत, त्यामुळे ठेवायला जागा थोडी पुरे. त्याच वर्षी ब्रिटिश हवाई खात्याने फ्लाइंग क्लबांना अनुदान देण्यास सुरुवात केली. लोकांत उडण्याची गोडी वाढावी आणि पुन्हा युद्ध झालेच, तर शिकलेली माणसे हाताशी असावीत, असा तो दुहेरी हिशेब होता. ही लाट मुंबईलाही पोचली. १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटांना भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी हेच हौशी वैमानिक 'पस मॉथ' विमानातून कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. एअर इंडियाचे मूळ ते हेच.

अमेरिकेत हे काम पिवळ्या 'पायपर कब'ने केले. विल्यम पायपर हे मूळचे तेलाच्या धंद्यातले गृहस्थ. साध्या माणसाला परवडेल असे विमान काढायचे, हा त्यांचा ध्यास. पेनसिल्व्हेनियातल्या लॉक हेवन गावी त्यांच्या कारखान्याने १९३८ ते १९४७ या काळात सुमारे वीस हजार 'जे-३ कब' बांधली.

मग १९३९ साली रूझवेल्ट सरकारने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सरकारी खर्चाने विमान शिकवण्याची योजना आणली. युरोपात युद्धाचे ढग जमले होते. १९४४ पर्यंत या योजनेत सुमारे ४,३५,००० जण शिकले. मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो निराळाच. टस्कीगीसारख्या कृष्णवर्णीयांच्या संस्थांनाही योजनेत स्थान मिळाले, आणि तेही लष्कराचे हवाई दल त्यांना वैमानिक म्हणून घेत नव्हते अशा काळात. दहा विद्यार्थ्यांमागे एक मुलगीही असे. १९४१ साली मुलींना दार बंद झाले, पण तोवर शिकलेल्यांपैकी काही जणी पुढे युद्धकाळात लष्करी विमाने पोचवण्याचे काम करू लागल्या. मुख्य दारातून ज्यांना प्रवेश नव्हता, ते या बाजूच्या दाराने आत आले.

युद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारी शिक्षणनिधीतून विमान शिकता येऊ लागले. एकट्या १९४६ साली तीस हजारांहून अधिक छोटी विमाने तयार झाली. पुढच्याच वर्षी हा आकडा निम्म्यावर आला. १९५६ पासून विकले जाऊ लागलेले 'सेसना १७२' मात्र टिकले. शेपटीऐवजी नाकाखाली चाक असल्याने ते उतरवणे नवख्यालाही सोपे जाते. अशी ४४,००० हून अधिक विमाने आजवर बनली आहेत. मीही त्यातच शिकलो.

सुगीचे दिवस मात्र सरले. १९७८ साली अमेरिकन कारखान्यांतून १७,८११ छोटी विमाने बाहेर पडली होती. १९९४ साली अवघी ९२८! महागाई होतीच, पण जुन्या विमानांच्या अपघातांवरून होणारे दावे आणि त्यापायी वाढलेला विम्याचा खर्च कारखान्यांना पेलवेना. १९८६ साली सेसनाने एका पिस्टन इंजिनाची विमाने बांधणे थांबवले. १९९४ साली कायद्याने कारखान्याच्या जबाबदारीला अठरा वर्षांची मर्यादा घातली, तेव्हा कुठे ती पुन्हा बनू लागली.

११ सप्टेंबर २००१ नंतर आपल्यासारख्यांसाठी एक नवी पायरी आली. जो अमेरिकन नागरिक नाही, त्याला, म्हणजे ग्रीन कार्डधारकालाही, शिकवणी सुरू करण्यापूर्वी बोटांचे ठसे देऊन केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते. वेळ लागतो, पण दार बंद नाही. किमान चाळीस तासांचे उड्डाण, लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि शेवटी परीक्षकाबरोबरची फेरी, एवढे केले की खाजगी परवाना मिळतो.

आज खरा धोका आहे तो धावपट्ट्यांना. शिकागोचे मेग्ज फील्ड ३० मार्च २००३ च्या रात्री महापौरांच्या हुकमाने बुलडोझरने उखडले गेले. इतरत्र हे काम सावकाश होते : आधी शेजारी वसाहत होते, मग आवाजाच्या तक्रारी, मग अर्ज. त्या वसाहतींत आपलीही घरे आहेत, आणि तसा अर्ज माझ्याही दारी सहीसाठी आला होता. मी सही केली नाही. शेजाऱ्यांची झोपमोड खरी आहे. तिच्यावर उड्डाणाच्या वेळा आणि मार्ग ठरवून तोडगा निघू शकतो. पण उखडलेली धावपट्टी सहसा परत मिळत नाही. आपल्या मुलांपैकी कोणाला उद्या उडावेसे वाटले, तर सुरुवात तिथूनच करावी लागणार आहे. तेव्हा मंडळी, असा अर्ज तुमच्या दारी आला, तर सही करण्यापूर्वी एका शनिवारी सकाळी मुलांना घेऊन त्या धावपट्टीवर एक चक्कर मारून या.