नगरीचे मुख आणि नगरीचे कान : न्यूयॉर्कच्या नगर-नभोवाणीची कथा

जुलै १९४५ मधील एका रविवारची गोष्ट. न्यूयॉर्क शहरात वृत्तपत्रे पोहोचविणाऱ्या कामगारांनी संप पुकारला होता. युरोपातील युद्ध नुकतेच संपले होते, जपानशी अद्याप चालू होते, आणि लक्षावधी घरांतून रविवारचे वर्तमानपत्र येईनासे झाले होते. मोठ्या माणसांना बातम्यांची चुटपुट लागली, तर मुलांना रविवारच्या पुरवणीतील चित्रकथांची. त्या वेळी शहराचे महापौर फिओरेल्लो ला गार्डिया ध्वनिक्षेपकासमोर बसले आणि ‘डिक ट्रेसी’ या गुप्तहेराची चित्रकथा मुलांना वाचून दाखवू लागले. रेडिओवर चित्र दिसत नाही, म्हणून चित्रात काय घडत आहे तेही ते आवाज चढवून-उतरवून आणि हातवारे करून सांगत होते. हातवारे श्रोत्यांना दिसणार नव्हते, तरी ते करीत होते. संप सतरा दिवस चालला. महापौरांचे हे वाचन मात्र त्या शहराच्या स्मरणात कायमचे राहिले.

आम्हां शासकीय सेवकांना हे दृश्य डोळ्यांसमोर आणताना किंचित अवघडल्यासारखे होते. एवढ्या मोठ्या शहराच्या प्रथम नागरिकाने मुलांच्या चित्रकथा वाचाव्यात, आणि त्याही सरकारी नभोवाणीवरून! परंतु ह्या प्रसंगाचे मर्म वाचनापेक्षा त्या नभोवाणीत अधिक आहे, कारण ती नभोवाणी महानगरपालिकेच्या मालकीची होती. ‘डब्ल्यूएनवायसी’ हे तिचे नाव.

तिचा जन्म ८ जुलै १९२४ चा. शहराच्या बांधकाम-विभागाचे आयुक्त ग्रोव्हर व्हॅलन यांच्या खटपटीतून ती उभी राहिली. तिचा प्रक्षेपक नवा कोरा नव्हता. ब्राझीलमधून आणलेला, वापरलेला होता. पालिकेच्या चाळीस मजली इमारतीत पंचविसाव्या मजल्यावर ध्वनिमुद्रणगृहे थाटली गेली. आपल्याकडे मुंबई केंद्राचे उद्घाटन लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते २३ जुलै १९२७ रोजी झाले, म्हणजे सुमारे तीन वर्षांनी. ते एका खाजगी कंपनीचे होते. १९३० साली ती कंपनी बुडाली आणि केंद्र सरकारच्या पदरी आले. न्यूयॉर्कमध्ये क्रम उलटा होता. तेथे सार्वजनिक संस्थेने रेडिओ काढला, आणि तो पुढे सरकारच्या हातून कसा सुटला, ते यथाक्रम येईलच.

पालिकेच्या हाती रेडिओ आल्यावर तो पालिकाप्रमुखाच्या हाती जाणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. तत्कालीन महापौर जॉन हायलन यांनी त्यावरून आपल्या विरोधकांवर यथेच्छ तोंडसुख घेण्यास आरंभ केला. तेव्हा एक करदाता १९२५ साली न्यायालयात गेला. न्यायालयाने जो विवेक दाखविला तो आजही मनन करण्याजोगा आहे. शहराने नभोवाणी चालवावी, तो त्याचा अधिकार आहे. परंतु करदात्यांच्या पैशाने चालणाऱ्या नभोवाणीचा उपयोग महापौरांना आपल्या राजकीय प्रचारासाठी करता येणार नाही. एका वर्षाच्या बालकाच्या कपाळी असा निवाडा लिहिला गेला!

ला गार्डिया यांची कथा तर याहून मौजेची आहे. मंदीच्या काळात निवडणूक लढविताना ही नभोवाणी म्हणजे उधळपट्टी, ती बंद करू, असे आश्वासन त्यांनी दिले होते. १९३४ च्या आरंभी ते अधिकारावर आले, जाणकारांकडून तपासणी करविली, आणि जी गळा दाबावयाची तिलाच त्यांनी दूध पाजले. १९३८ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र खाते निर्माण झाले आणि मॉरिस नोव्हिक या रशियात जन्मलेल्या गृहस्थाकडे ते सोपविण्यात आले. स्वतः ला गार्डिया तरुणपणी एलिस बेटावर, म्हणजे जेथे युरोपातून येणारी जहाजे रिकामी होत तेथे, दुभाष्याचे काम करीत असत. बोट सोडून उतरलेला, भाषा न कळणारा, हातात गाठोडे धरलेला माणूस त्यांनी जवळून पाहिला होता. अशा माणसांच्या शहराला वर्तमानपत्रापेक्षा आवाज अधिक लवकर कळतो, हे त्यांना निराळे सांगावे लागले नसणार.

त्या काळी ह्या नभोवाणीवर काय चाले? अभिजात संगीताचा तास असे. तो १९२९ पासूनचा. हरवलेल्या माणसांची वर्णने येत. आणि रोज सकाळी पालिकेच्या बाजार-खात्यातर्फे आज मंडईत कोणती भाजी स्वस्त आहे, कोणते फळ मुबलक आले आहे, हे गृहिणींना सांगितले जाई. ह्या मंडईच्या भावांची आठवण वाचकांनी ठेवावी. त्यांची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे. १९४२ पासून १९४५ च्या अखेरीपर्यंत ला गार्डिया दर रविवारी नागरिकांशी बोलत. रेशन, काळाबाजार, घरभाडे, जुगार, कोळशाची टंचाई, कशावरही बोलत. घरातील वडीलधाऱ्याने जेवताना सर्वांची कानउघाडणी करावी, तसा तो थाट होता. चित्रकथांचे वाचन ह्याच रविवारच्या भाषणांतले.

मात्र ह्या सर्वांत एक उणीव होती. शहर बोलत होते, नागरिक ऐकत होते. नगरीला मुख होते, कान नव्हते.

तो दोष केवळ न्यूयॉर्कचा नव्हे. आपल्या मुंबई आकाशवाणीवरील ‘पुन्हा प्रपंच’ ज्यांनी ऐकले आहे, त्यांना टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत यांचे आवाज अजून कानांत असतील. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांनी त्या त्रिकुटाला असे काही सजीव केले की, संसारातल्या आणि समाजातल्या प्रश्नांवर आपल्याच माजघरात गप्पा चालल्या आहेत, असा भास व्हावा. तथापि तो भासच होता. आपल्या वतीने पात्रे बोलत. आपण त्यांना उत्तर देऊ शकत नव्हतो. ‘आपली आवड’साठी पत्र धाडून निवेदकाच्या तोंडी आपले नाव ऐकणे, एवढाच काय तो सामान्य श्रोत्याचा नभोवाणीत प्रवेश. भाषण करावयाचे तर मजकूर आधी लिहून द्यावा लागे. त्यात लेखनाची शिस्त होती, हे खरे. परंतु लिहून आणलेल्या माणसाला कोणी मध्येच विचारू शकत नाही.

युद्धोत्तर काळ झरझर ओलांडतो. महापौर आले आणि गेले. १९७५ च्या सुमारास शहर स्वतःच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचले आणि नभोवाणीच्या अनुदानाला कात्री लागली. १९७९ मध्ये देणग्या गोळा करण्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. अमेरिकेतील नभोवाणीचे एकंदर वारे मात्र ह्याच सुमारास पालटू लागले होते. वादग्रस्त प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडण्याचे जे बंधन रेडिओ-केंद्रांवर होते, ते १९८७ मध्ये उठविण्यात आले. १९८८ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कमधूनच रश लिंबॉ यांचा राष्ट्रव्यापी कार्यक्रम सुरू झाला. राग हे त्याचे भांडवल होते आणि त्या भांडवलावर अफाट व्याज मिळाले.

त्यानंतर एकाच वर्षाने, १९८९ मध्ये, त्याच शहरात पालिकेच्या नभोवाणीवर ब्रायन लेहरर यांचा दैनिक कार्यक्रम सुरू झाला. आरंभी त्याचे नाव ‘ऑन द लाइन’ होते; पुढे तो निवेदकाच्या नावानेच ओळखला जाऊ लागला. सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते बारा. रचना अगदी साधी. दोन तासांत काही विषय. प्रत्येकासाठी एखादा जाणकार, वार्ताहर वा अधिकारी. आणि दूरध्वनीच्या तारा श्रोत्यांसाठी मोकळ्या. फोन आला की सहायक तो घेतो, काय म्हणावयाचे आहे ते विचारतो आणि नाव व वस्ती निवेदकासमोर मांडतो. श्रोत्याचे पहिले नाव आणि तो कोणत्या मोहल्ल्यातून बोलतो, एवढीच त्याची ओळख. फ्लशिंगमधील कोणी, ब्रूकलिनमधील कोणी, आपली भारतीय दुकाने जेथे ओळीने उभी आहेत त्या जॅक्सन हाइट्समधील कोणी. हुद्दा नाही, पदवी नाही, शिफारसपत्र नाही. पुष्कळदा निवेदक सरसकट सर्वांना न बोलाविता नेमक्या माणसांना बोलावतो. विषय भाड्याच्या मोटारींचा असेल तर चालकांना, शाळेचा असेल तर शिक्षकांना. तज्ज्ञाचे बोलणे झाल्यावर त्याच रस्त्यावर रोज गाडी हाकणारा माणूस बोलतो आणि तज्ज्ञाला थोडे सावरून बसावे लागते. आवाज कोणाचा चढत नाही असे नाही. पण निवेदक स्वतःचा आवाज चढवीत नाही, आणि सभ्यपणाची लागणही होऊ शकते असे दिसते.

ह्या मधल्या काळात मालकी पालटली. महापौर रूडॉल्फ जुलियानी यांनी पालिकेने नभोवाणी चालवू नये असे ठरविले. दूरचित्रवाणीची वाहिनी वीस कोटी सत्तर लाख डॉलरना व्यापाऱ्यांनी घेतली. रेडिओच्या दोन्ही वाहिन्या मात्र १९९५ च्या करारान्वये उपरोक्त प्रतिष्ठानास दोन कोटी डॉलरना, तेही हप्त्यांनी, देण्यात आल्या आणि जानेवारी १९९७ मध्ये नभोवाणी पालिकेच्या छत्राबाहेर पडली. योगायोग असा की, आपल्याकडे वायुलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय फेब्रुवारी १९९५ चा, आणि प्रसार भारतीची स्थापना नोव्हेंबर १९९७ ची. दोन देश एकाच सुमारास एकाच प्रश्नाशी झुंजत होते; उत्तरे निरनिराळी आली. प्रस्तुत लेखकाची सारी हयात सरकारी कचेरीत गेल्यामुळे सरकारने हात काढून घेतला की सर्व आलबेल होते, यावर त्याचा चटकन विश्वास बसत नाही. त्र्याहत्तर वर्षे पालिकेने पोसले नसते तर विकत घ्यावयास काही उरलेच नसते, हेही नमूद केले पाहिजे.

११ सप्टेंबर २००१ हा मंगळवार न्यूयॉर्कमध्ये महापौरपदाच्या प्राथमिक निवडणुकीचा दिवस होता. त्या सकाळी दोन्ही मनोरे कोसळले. नभोवाणीचा एफएम प्रक्षेपक त्यांतील एकावर होता, तो गेला. पालिकेची इमारत तेथून हाकेच्या अंतरावर, म्हणून कर्मचाऱ्यांना ती सोडावी लागली. एएम वाहिनीचा प्रक्षेपक नदीपलीकडे न्यू जर्सीत असल्यामुळे तेवढा आवाज जिवंत राहिला आणि उसन्या ध्वनिगृहातून बोलणे चालू राहिले. त्यानंतरच्या दिवसांत त्या दोन तासांना व्यासपीठ म्हणण्यापेक्षा शोकाकुल घराची ओसरी म्हणणे अधिक योग्य होईल.

आता मंडईच्या भावांकडे वळतो. २००७ साली ह्या कार्यक्रमाने श्रोत्यांना एक काम दिले : आपल्या वस्तीतील दुकानात जा आणि दूध, सॅलडचा पाला व बिअर यांचा भाव टिपून कळवा. भाव येत गेले तसतसे ते शहराच्या नकाशावर मांडण्यात आले आणि एकाच शहरात, एकाच दुधासाठी, वस्तीगणिक निराळे पैसे मोजावे लागतात हे उघड झाले. सत्तर वर्षांपूर्वी त्याच नभोवाणीवर पालिकेचे खाते गृहिणींना भाव सांगत असे. आता गृहिणीच भाव सांगत होत्या. त्याच वर्षाचा पीबॉडी हा मानाचा पुरस्कार ह्या कार्यक्रमास मिळाला, तो माणसांत फूट पाडण्याऐवजी समाज जोडणारा रेडिओ म्हणून.

महापौरांची खुर्चीही अशीच उलटी फिरली. बिल डी ब्लाझिओ हे महापौर २०२१ च्या अखेरीस पद सोडीपर्यंत काही वर्षे दर शुक्रवारी ह्या कार्यक्रमात येत. भाषण देण्यासाठी नव्हे, प्रश्न ऐकण्यासाठी. कोणी घरातील हिवाळ्याच्या उष्णतायंत्राचे गाऱ्हाणे मांडी, कोणी सायकलमार्गाचे, कोणी शाळेतील प्रवेशाचे. महापौर उत्तर देत, पुष्कळदा नाव-पत्ता ठेवून द्या, आमची माणसे पाहतील असे सांगत. अर्जाला आवक क्रमांक मिळणे आणि अर्जदाराला न्याय मिळणे यांतील अंतर आम्हांला ठाऊक आहे. न्यूयॉर्कचे नागरिकही भोळे नाहीत. तरीपण पुढच्या शुक्रवारी तोच माणूस पुन्हा फोन करील आणि साऱ्या शहरासमक्ष विचारील, ही धास्ती कोणत्याही स्मरणपत्रापेक्षा परिणामकारक असली पाहिजे.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने सार्वजनिक प्रसारणाचे दोन वर्षांचे सुमारे एकशे दहा कोटी डॉलरचे अनुदान रद्द केले. लहान गावांतील केंद्रांवर आकाश कोसळले. न्यूयॉर्कचे केंद्र त्यामानाने सावरलेले, कारण त्याचा मोठा भार श्रोते आधीपासून वाहत आले आहेत. वर्षातून काही दिवस नेहमीच्या चर्चेत खंड पडतो आणि निवेदक श्रोत्यांकडे वर्गणी मागू लागतो. कोणत्या वस्तीतून कोणी किती दिले हे सांगतो, आभार मानतो, पुन्हा मागतो. आंतरजालामुळे हे दोन तास आता भारतातही ऐकता येतात. उन्हाळ्यात आपल्या घड्याळाने रात्री साडेसात ते साडेनऊ. एकदा असाच वर्गणीचा दिवस ऐकत असताना गणेशोत्सवाआधी पावतीपुस्तक घेऊन जिने चढणारे आपल्या मंडळाचे खजिनदार डोळ्यांसमोर उभे राहिले. फरक एवढाच की, तिकडे दार उघडून ‘पुढच्या रविवारी या’ असे सांगण्याची सोय नाही.