रडी कुणी खाल्ली?

ग्लिच वापरून जिंकणं म्हणजे रडी खाणं का, असं आमच्या बोरी अरबची पोरं विचारतात. २०१४ च्या ड्रीमहॅकमध्ये काउंटर-स्ट्राइक खेळताना फनॅटिकचे गडी एकमेकांच्या खांद्यावर चढून भलत्याच जागेवरून नेम धरत जिंकले. नियमात ते बसत नव्हतं. तक्रार झाली, शेवटी त्यांनी माघार घेतली.

आता आपली कबड्डी. हांगझोऊ, ७ ऑक्टोबर २०२३, आशियाई फायनल, भारत-इराण २८-२८. पवन सेहरावत कुणालाही न शिवता लॉबीत गेला, मागोमाग इराणचे बचावपटू. जुन्या नियमानं तेही बाद, नव्यानं फक्त पवन. निर्णय फिरत राहिले, खेळ तासभर अडला. आपण ३३-२९ जिंकलो. नाचलो की आपण! पवनची मला चूक दिसत नाही. दोन नियम डोक्यात ठेवून सामना लावणाऱ्यांना मात्र विचारावंसं वाटतं.