फटीतून जाणारा स्वार आणि दोषाची वाटणी : घोडा, गाढव आणि मोटारसायकल

थांबलेल्या मोटारींच्या रांगांमधील फटीतून दुचाकी पुढे काढणे ही आपल्या शहरांत इतकी नित्याची गोष्ट आहे, की तिला वेगळे नाव ठेवण्याच्या फंदात कोणी पडले नाही. ब्रिटनमध्ये तिला ‘फिल्टरिंग’ म्हणतात. अशा वेळी एखादी मोटार आडवी आली आणि धडक झाली, तर दोष कोणाचा? आजची न्यायालये याचे उत्तर टक्क्यांत देतात. कधी ८०-२०, कधी ५०-५०. परंतु दोषाचे असे तुकडे पाडण्याची मुभा न्यायाधीशांना पूर्वी नव्हती. ती त्यांना कशी मिळाली, हे पाहण्यासाठी मोटारीच्या जन्मापूर्वीच्या काळात जावे लागते.

इंग्लंडमधील डर्बी. ऑगस्ट महिन्यातील संध्याकाळ, आठाचा सुमार. घरोघरी नुकत्या मेणबत्त्या लागत होत्या. एका गृहस्थाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्याच्या काही भागावर आडवा दांडा टाकून ठेवला होता. जवळच्या मद्यगृहातून निघालेला एक स्वार भरधाव घोडा फेकत आला, दांड्यावर आदळला आणि घोड्यासकट कोसळला. साक्षीदाराने सांगितले की शंभर यार्डांवरून दांडा दिसेल इतका उजेड होता. ‘बटरफील्ड विरुद्ध फॉरेस्टर’ या नावाने हा खटला १८०९ साली लॉर्ड एलनबरो यांच्यासमोर आला. रस्ता अडवणाऱ्याची चूक उघड होती, तरीही स्वाराला एक पेनीही मिळाली नाही. दुसऱ्याने चूक केली म्हणून स्वतःपुरती सावधगिरी बाळगण्याचे कर्तव्य संपत नाही, असा त्या निर्णयाचा आशय. वादीचा थोडासा दोष सिद्ध झाला तरी त्याचा संपूर्ण दावा बुडावा, ही परंपरा येथून रूढ झाली. अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात तो हाच; फक्त त्या काळी त्यातल्या ‘अंशा’ला काही किंमत नव्हती.

हा नियम निर्दय होता आणि न्यायाधीशांनाही तो बोचत असावा. १८४२ साली ‘डेव्हिस विरुद्ध मान’ या खटल्यात त्यांना एक पळवाट सापडली. वादीने आपल्या गाढवाचे पुढचे पाय बांधून त्याला हमरस्त्यावर चरायला सोडले होते. तीन घोड्यांची गाडी उतारावरून वेगाने आली आणि गाढव चिरडले गेले. गाढवाला असे सोडणे गैर, हे मान्य करूनही न्यायालयाने भरपाई दिली, कारण अपघात टाळण्याची संधी गाडीवानाला होती. कायद्याच्या इतिहासात त्या गाढवाचे स्थान अढळ आहे. त्याच्यापासून ‘शेवटची संधी कोणाची?’ हा प्रश्न निघाला आणि पुढची शंभर वर्षे वकील त्यावर वाद घालत राहिले. तरीही उत्तर दोनच टोकांचे होते: सगळे किंवा काहीच नाही.

समुद्रावर मात्र वेगळी रीत होती. दोन जहाजे आदळली आणि दोन्हींची चूक ठरली, तर नौकाविषयक न्यायालये नुकसान निम्मे-निम्मे वाटत. १९११ च्या सागरी कायद्याने त्याहून पुढचे पाऊल टाकले : ज्या प्रमाणात दोष, त्या प्रमाणात भार. जमिनीवरच्या माणसांना हीच सोय मिळायला आणखी ३४ वर्षे लागली. दरम्यान रस्त्यांवर मोटारींची दाटी झाली होती, १९३० च्या कायद्याने ब्रिटनमध्ये तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा झाला होता आणि १९३१ मध्ये ‘हायवे कोड’ ही वाहतूकनियमांची पुस्तिका निघाली होती. अखेर १९४५ च्या ‘लॉ रिफॉर्म (काँट्रिब्युटरी नेग्लिजन्स) अॅक्ट’ने वादीच्या दोषामुळे दावा बुडणे थांबवले. त्याच्या जबाबदारीच्या वाट्याइतकी, न्यायालयाला न्याय्य वाटेल तेवढी भरपाई कमी व्हावी, एवढेच उरले.

मोटारसायकलचे खटले या पार्श्वभूमीवर वाचले, तरच त्यांचे मोल कळते. १९४५ पूर्वी रांग ओलांडणाऱ्या स्वाराची किंचित चूक दाखवता आली, की मोडलेल्या पायाचा खर्च त्याने स्वतःच सोसावा, अशीच पाळी येण्याचा धोका होता.

१९६६ चा ‘पॉवेल विरुद्ध मूडी’ हा या मालिकेतील पहिला गाजलेला खटला. ब्रिटनमध्येही वाहने डावीकडून चालतात, त्यामुळे चित्र आपल्याला सहज डोळ्यांसमोर आणता येईल. वाहनांची लांब रांग थांबली आहे. तिच्या उजव्या बाजूने मोटारसायकलस्वार पुढे निघाला आहे. रांगेतल्या दुधाच्या टँकरचालकाने गल्लीतून येणाऱ्या मोटारीसाठी जागा सोडली आहे. मोटार त्या फटीतून हळूहळू नाक बाहेर काढते आणि स्वार तिच्यावर आदळतो. रांग ओलांडणे हे मुळातच जोखमीचे काम आहे, ते करणाऱ्याने फार मोठी सावधगिरी बाळगली पाहिजे, अशी न्यायालयाची भूमिका होती. स्वाराचा दोष ८० टक्के ठरला, मोटारचालकाचा २०. जुन्या नियमानुसार त्याला काहीही मिळण्याची खात्री नव्हती. आता पाचवा हिस्सा तरी मिळाला.

पाठोपाठ ‘क्लार्क विरुद्ध विंचर्च’ (१९६९) आला. येथे बसचालकाने दिवे लुकलुकवून मोटारीला वाट दिली होती आणि बसला ओलांडणारा मोपेडस्वार त्या मोटारीवर धडकला. मोटारचालक इंचाइंचाने पुढे सरकला होता, म्हणून तो निर्दोष सुटला. बसचालकही सुटला. दिवे लुकलुकवण्याचा अर्थ ‘माझ्यापुरते बोलायचे तर तू ये’ इतकाच. पलीकडचा रस्ता मोकळा असल्याची हमी त्यात नसते. हा विचार मला अत्यंत मार्मिक वाटतो, कारण हात हलवून ‘या, या’ म्हणणारे सज्जन आपल्याही प्रत्येक चौकात भेटतात.

आता गंमत पाहा. १९८० मध्ये ‘वर्सफोल्ड विरुद्ध हौ’ हा जवळजवळ तशाच प्रसंगाचा खटला आला. मूळ न्यायाधीशांना मनातून दोघेही सारखेच दोषी वाटत होते. पण इंचाइंचाने पुढे येणारा चालक निर्दोषच, असा नियम क्लार्क खटल्याने घालून दिल्याचे समजून त्यांनी स्वाराचा दावा फेटाळला. अपील न्यायालयाने ही समजूत खोडली. क्लार्क खटल्यात कोणताही कायदेशीर सिद्धांत नाही, त्यात फक्त त्या प्रसंगाचा निवाडा आहे, असे सांगून दोष ५०-५० वाटला. माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील कळीचा क्षण हाच आहे. अशा धडकांना ठरावीक भावफलक लागू करता येत नाही, हे येथे स्पष्ट झाले.

त्यानंतरचे दोन निर्णय शेजारी ठेवले की हे पटते. २००६ च्या ‘डेव्हिस विरुद्ध श्रोगिन’मध्ये थांबलेल्या लांब रांगेतून एका मोटारीने अचानक यू-टर्न घेतला. शेजारून येणारा मोटारसायकलस्वार तोवर इतका जवळ पोहोचला होता की वेग कमी असता तरी धडक टळली नसती. संपूर्ण दोष मोटारचालकाचा. अवघ्या वर्षभराने ‘फार्ले विरुद्ध बक्ली’मध्ये कचऱ्याची गाडी गल्लीत वळत असताना स्वार तिला ओलांडून गेला आणि गल्लीतून निघालेल्या मोटारीवर आदळला. त्याचा दावा पूर्ण फेटाळला गेला. कृती एकच, निकाल दोन टोकांचे. फिल्टरिंग वैध की अवैध, हा न्यायालयांपुढचा प्रश्नच नव्हता. कोणाला काय दिसत होते, गल्ली जवळ होती का, वेग किती होता, समोरच्याने कशाची अपेक्षा ठेवायला हवी होती, हे प्रश्न होते. टक्केवारी गणिती वाटते खरी, परंतु ती कोणत्याही सूत्रातून निघत नाही. तो अनुभवी माणसाचा अंदाज असतो, फक्त अंकांत लिहिलेला. हायवे कोडही दोघांना बजावतो : स्वाराने वेग कमी ठेवावा, चालकाने फटीतून येणाऱ्यांकडे लक्ष द्यावे.

काही प्रदेशांनी मात्र ही कृती थेट कायद्यात लिहिली. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्सने १ जुलै २०१४ पासून ताशी ३० किलोमीटरच्या आत फिल्टरिंगला परवानगी दिली. कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये रांगांमधून गाडी चालवण्याची व्याख्या केली. अमेरिकेत असे करणारे ते पहिले राज्य.

आणि भारत? आपल्याकडे उजवीकडूनच ओलांडावे, उजवीकडे वळण्याचा इशारा देणाऱ्या वाहनाला मात्र डावीकडून ओलांडता येते, असे १९८९ च्या वाहतूक नियमावलीत होते. भरपाईच्या दाव्यांसाठी १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची वाट मोकळी केली. पण १९४५ सारखा केंद्रीय कायदा आपण केलाच नाही; केरळने १९७६ मध्ये स्वतःपुरता केला. मग दोषाची वाटणी येथे आली कशी? याचे उत्तर मध्य प्रदेशातील एका खटल्यात सापडते. मोटारसायकलस्वार आणि राज्य परिवहनाची बस यांची धडक होऊन स्वाराचा मृत्यू झाला होता. बसचालकाने पुरेसे लक्ष दिले नव्हते, तर स्वाराचा वेग अती होता. जुन्या इंग्रजी नियमाला चिकटून राहिले असते, तर मृताच्या कुटुंबाला रिकाम्या हाताने परतावे लागले असते. १९७५ च्या विधिवृत्तांत छापलेल्या निर्णयात उच्च न्यायालयाने म्हटले की न्याय, समता आणि सद्सद्विवेकबुद्धी यांना धरून १९४५ च्या कायद्याचे तत्त्व भारतातही लागू होते. स्वाराचा दोष दोन तृतीयांश ठरला आणि कुटुंबाला एक तृतीयांश भरपाई मिळाली.

एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. ही कपात स्वाराच्या दोषाची असते. मागे बसलेल्याचा स्वतःचा दोष नसेल, तर ती त्याला लागू होत नाही. त्याच्या दृष्टीने स्वार आणि मोटारचालक दोघेही दोषी, म्हणजे तो संमिश्र निष्काळजीपणा. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केल्याप्रमाणे अशा जखमीला संपूर्ण भरपाई दोघांपैकी कोणा एकाकडूनही वसूल करता येते. आपापसांतला हिशोब त्या दोघांनी आणि त्यांच्या विमा कंपन्यांनी नंतर मिटवायचा.